दिवा धरलेली बाई नेमकी कुणाची? चित्रकाराची शैली ओळखायला शिकवताना



आजच्या पाठाची सुरुवात एका चुकीपासून करते. चूक माझीच आहे.

आमच्या मुळशी तालुक्यातल्या कितीतरी घरांत एक चित्र दिसतं. कुठे कॅलेंडरवर, कुठे फ्रेममध्ये, कुठे दुकानाच्या गल्ल्यामागे. साडी नेसलेली एक तरुणी उभी आहे. एका हातात दिवा आहे आणि दुसऱ्या हाताचा आडोसा करून ती ज्योत सांभाळते आहे. बोटांतून उजेड झिरपतो आहे. तुम्हीही पाहिलं असेलच. "हे राजा रविवर्म्याचं चित्र," असं मी वर्गात कितीतरी वर्षं सांगत होते. मला माझ्या शिक्षकांनी तसंच सांगितलं होतं आणि एका फ्रेमखाली तसं छापलेलंही मी पाहिलं होतं.

ते चित्र रविवर्म्याचं नाही. ते आहे सावंतवाडीत जन्मलेल्या आपल्या मराठी चित्रकाराचं, सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं. चित्राचं नाव 'ग्लो ऑफ होप'. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे. तिथेही हे चित्र रविवर्म्याचंच समजून त्यासमोर उभे राहणारे पुष्कळ असतात.

चूक कळली तेव्हा वाईट वाटलं ते नाव चुकलं म्हणून नाही. नाव कुणाचंही चुकतं. वाईट याचं वाटलं की इतकी वर्षं मी ते चित्र *बघितलंच* नव्हतं. नीट बघितलं असतं तर शंका तरी आली असती. म्हणून हा पाठ तयार केला. सातवी ते नववीच्या मुलांसाठी आहे, पण खरं सांगायचं तर आधी माझ्यासाठीच होता.

सगळं रविवर्म्याचंच का वाटतं?

यामागे कारण आहे आणि ते आपल्या अगदी शेजारचं आहे. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला आला. म्हणजे आपल्या मुळशीच्या उत्तरेला लागून असलेल्या मावळात! तिथून लक्ष्मी, सरस्वती, दमयंती अशी रंगीत चित्रं घरोघर गेली. त्याआधी गरिबाच्या घरात रंगीत चित्र असणं ही सोपी गोष्ट नव्हती. त्यामुळे "साडीतली सुंदर बाई, खरीखुरी वाटणारी, म्हणजे रविवर्मा" हे समीकरण आपल्या पिढ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

रविवर्मा १९०६ मध्ये वारला. हळदणकरांचा जन्म १८८२ चा. म्हणजे रविवर्मा गेला तेव्हा हळदणकर तेवीस-चोवीस वर्षांचे होते. ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि १९०८ मध्ये त्यांनी स्वतःची कलासंस्था काढली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी ते एक. १९६८ मध्ये ते गेले. चित्रकार तर ते होतेच, पण आपल्यासारखे शिक्षकही होते. पिढ्या घडवलेल्या माणसाचं सर्वांत गाजलेलं चित्र दुसऱ्याच्या नावावर फिरतं, ही गोष्ट मला तरी बोचते.

यात रविवर्म्याचा काही दोष नाही, आणि हळदणकर मोठे की रविवर्मा मोठा हा प्रश्नही नाही. प्रश्न एवढाच आहे की दोघांतला फरक आपल्याला शब्दांत सांगता येतो का?

विषय, तंत्र आणि शैली: तीन वेगळे डबे

मुलांना मी आधी फळ्यावर तीन चौकोन काढून देते.

*विषय* म्हणजे चित्रात काय आहे. दिवा धरलेली स्त्री.

*तंत्र* म्हणजे ते कशाने आणि कसं केलं आहे. जलरंग, तैलरंग, पेन्सिल वगैरे.

*शैली* म्हणजे तोच विषय आणि तेच तंत्र असूनही एकाचं चित्र दुसऱ्यासारखं का होत नाही, याचं उत्तर. चित्रकार पुन्हा पुन्हा काय निवडतो आणि काय सोडून देतो, ती त्याची शैली.

मुलांना हे हस्ताक्षराच्या उदाहरणाने लगेच कळतं. "वर्गात सगळ्यांनी एकच शुद्धलेखन लिहिलं, शाईही एकच. तरी वहीवर नाव नसताना मला कसं कळतं कुणाची वही ती?" मुलं भराभर सांगतात. "बाई, त्याचा 'र' लांब असतो!" "ती अनुस्वार शिरोरेघेला चिकटवते!" बघा, मुलांना शैली ओळखता येते. फक्त चित्राबाबत त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

सहा प्रश्न

आता 'ग्लो ऑफ होप'ची चांगली छपाई मुलांसमोर ठेवा. शेजारी रविवर्म्याचं एखादं चित्र ठेवा, हंसाशी बोलणारी दमयंती चालेल. दोन्ही चित्रांना हेच सहा प्रश्न विचारा.

*१. कशाने रंगवलंय?* रविवर्म्याची ओळख तैलरंगातली. हळदणकर तैलरंगातही काम करत, पण 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगातलं चित्र आहे, कागदावरचं. इथे बहुतेक मोठी माणसंही चमकतात. छापील चित्र बघून हे तैलरंगच वाटतं.

हा फरक मोठा आहे. तैलरंगात गडद रंगावर नंतर उजळ रंग चढवता येतो. पारदर्शक जलरंगात तसं होत नाही. तिथे पांढरा म्हणजे कागदच. जिथे उजेड हवा तिथे रंग लावायचाच नाही किंवा अगदी पातळ लावायचा. म्हणजे उजेड शेवटी *घालता* येत नाही, तो पहिल्यापासून *राखावा* लागतो. ज्याने ज्योतीचं चित्र जलरंगात करायचं ठरवलं, त्याला पहिला कुंचला फिरवण्याआधीच शेवट माहीत असावा लागतो.

*२. उजेड कुठून येतो?* दमयंतीच्या चित्रात उजेड बराचसा सगळीकडे पसरलेला आहे. चेहरा, दागिने, काठ, मागचं दृश्य, सगळं आपल्याला दिसावं अशी सोय केलेली आहे. हळदणकरांच्या चित्रात उजेडाचं उगमस्थान चित्रातच आहे आणि ते एकच आहे. ज्योतीजवळ जे आहे ते उजळलेलं, लांब आहे ते अंधारात. काय दिसणार हे ज्योत ठरवते.

*३. नजर आधी कुठे जाते?* वर्गात हात वर करायला सांगा. माझ्या वर्गात बहुतेकांचं उत्तर "बोटांवर" असं आलं. चेहऱ्याच्या आधी हात! व्यक्तिचित्रात हे थोडं वेगळंच आहे की नाही?

*४. कडा कशा आहेत?* कुठे कडा स्पष्ट आहे आणि कुठे विरघळली आहे, हे बोट फिरवून दाखवायला सांगा. उजेडाजवळ आकार नेमके होतात, अंधाराकडे साडी आणि सावली एकमेकांत मिसळायला लागतात.

*५. मागे काय आहे?* रविवर्म्याकडे अनेकदा खांब, बाग, तळं, पडदा असं काहीतरी कथा सांगणारं असतं. नाटकाचा मंच मांडावा तसं. इथे मागे कथा नाही. साधी, मोकळी पार्श्वभूमी आहे.

*६. ही व्यक्ती कोण आहे?* दमयंती महाभारतातली. दिवा धरलेली मुलगी मात्र पुराणातली नाही, राजघराण्यातली नाही. ती चित्रकाराची स्वतःची मुलगी गीता. पुढे त्या कोल्हापूरच्या गीता उपळेकर झाल्या आणि २०१८ मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी गेल्या. म्हणजे अगदी कालपरवापर्यंत त्या चित्रातली 'बाई' आपल्यातच होती. हे सांगितलं की वर्गात एकदम शांतता होते.

सहा प्रश्न झाले की मुलांना विचारा, "आता सांगा, दोन्ही चित्रं एकाच माणसाची वाटतात का?" मला अजून एकाही मुलाने 'हो' म्हटलेलं नाही.

विषय सारखा, शैली वेगळी

इथे एखादं चौकस मूल विचारतं, "बाई, मग दिव्याचा उजेड दिसला की हळदणकर समजायचं का?" फार चांगला प्रश्न. उत्तर 'नाही'. यासाठी मी मुलांना थेट फ्रान्सला नेते.

सतराव्या शतकात तिथे जॉर्ज द ला तूर नावाचा चित्रकार होऊन गेला. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात त्याचं एक चित्र आहे. सुतारकाम करणारा वृद्ध जोसेफ आणि त्याच्यासमोर मेणबत्ती धरून बसलेला बाळ येशू. बाळाने ज्योतीला हाताचा आडोसा केला आहे आणि बोटांतून उजेड आरपार आला आहे. अगदी आपल्या चित्रासारखी कल्पना!

पण दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघा. ला तूर माणसांचे आकार सोपे करत नेतो. गाल, कपाळ, बाही सगळं गुळगुळीत, जणू लाकडातून कोरून काढलेलं. अंधार दाट आणि तैलरंगातला. हळदणकरांकडे साडी ही साडीच राहते, तिचा पोत, तिच्या चुण्या, तिचा पातळपणा सगळं कळतं. तिथे स्तब्धता आहे, इथे घर आहे. विषय एक, शैली दोन.

आणि या ला तूरची गोष्ट तर आपल्या पाठाला फारच लागू पडते. १६५२ मध्ये तो गेला आणि नंतर लोक त्याला विसरून गेले. त्याची चित्रं दुसऱ्यांच्या नावावर गेली. अडीचशेहून अधिक वर्षांनी, १९१५ मध्ये, हेर्मान फॉस नावाच्या जर्मन अभ्यासकाने नांत शहराच्या संग्रहालयातली त्याची सही असलेली चित्रं आणि रेन शहरातलं सही नसलेलं एक चित्र यांतलं साम्य ओळखलं. तिथून ला तूरला त्याचं नाव परत मिळायला सुरुवात झाली. आज तो फ्रान्सच्या मोठ्या चित्रकारांत गणला जातो. नीट बघणाऱ्या एका माणसामुळे एवढं होतं!

कान बघा, नखं बघा

एकोणिसाव्या शतकात इटलीत जोव्हानी मोरेल्ली नावाचा कलाभ्यासक होता. शिक्षण वैद्यकशास्त्राचं. त्याचं म्हणणं असं, की नक्कल करणारा माणूस ओठ, हसू, डोळे यांची नक्कल जपून करतो, पण कानाची पाळी आणि नखं काढताना त्याचं लक्ष नसतं आणि तिथे त्याचा स्वतःचा हात उघडा पडतो. म्हणून चित्र कुणाचं हे ठरवताना मोरेल्ली कान आणि नखं बघायचा.

हा खेळ मुलांना भयंकर आवडतो. प्रत्येकाने शेजाऱ्याचा नुसता कान काढायचा, नाव लिहायचं नाही. कागद गोळा करून फळ्याला लावायचे आणि काढणारा कोण ते ओळखायचं. एरवी चित्रकलेत मागे बसणारी मुलं यात पुढे येतात, असा माझा अनुभव आहे.

वर्गातला प्रयोग

आषाढात ताम्हिणीकडून पाऊस आला की आमच्याकडे वीज जाते, हे तुम्हाला सांगायला नको. असाच एक तास अंधारात गेला आणि त्यातूनच हा प्रयोग सुचला.

साहित्य: मोबाईलचा टॉर्च, जुनी ओढणी, जलरंग, जाडसर कागद. खिडक्या बंद.

एका मुलाने टॉर्चवर तळहात ठेवायचा. बोटांच्या कडा लाल दिसतात. का? पांढऱ्या उजेडातले बाकीचे रंग आपल्या त्वचेत आणि रक्तात बरेचसे शोषले जातात, लाल मात्र जास्त आरपार येतो. विज्ञानाच्या शिक्षकांना सोबत घ्या, हा तास दोघांचा होऊ शकतो. मग मुलांना 'ग्लो ऑफ होप'मधली बोटं पुन्हा दाखवा. चित्रकाराने केवढं निरखलं होतं, हे त्यांना आता स्वतःच्या हाताने कळलेलं असतं.

त्यानंतर एकाने ओढणी घेऊन बसायचं, उजेड एकाच बाजूने, आणि बाकीच्यांनी वीस मिनिटांत चित्र काढायचं. अट एकच, पांढरा रंग वापरायचा नाही. उजेडाची जागा कागदाची राखायची. पहिल्या खेपेला सगळ्यांचाच उजेड बुडतो. बुडू द्या. "बाई, मी आधी ठरवायला पाहिजे होतं" हे वाक्य मुलाच्या तोंडून आलं की पाठ अर्धा झाला.

(घरी दिवा किंवा मेणबत्ती घेऊन करणार असाल तर मोठं माणूस जवळ हवंच आणि ओढणी लांब.)

शैलीची व्याख्या लिहिताना

शेवटी लेखन. मुलं सुरुवातीला असं लिहितात: "हळदणकरांची चित्रे अतिशय सुंदर, जिवंत व मनमोहक असतात." या वाक्यातून 'हळदणकर' काढून दुसरं कुठलंही नाव घाला, वाक्य तसंच्या तसं चालतं. मग ती व्याख्या कसली? मी मुलांना तीन कसोट्या देते.

पहिली: वाक्यात सांगितलेली गोष्ट चित्रावर बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. दुसरी: नाव बदललं तर वाक्य खोटं पडलं पाहिजे. तिसरी: एका चित्रावरून चित्रकाराबद्दल बोलायचं नाही. एक चित्र असेल तर "या चित्रात" असंच लिहायचं. "हळदणकर नेहमी" म्हणायचं असेल तर त्यांची निदान चार-पाच चित्रं बघायला हवीत.

या कसोट्या लावल्यावर आठवीच्या गटाने मिळून लिहिलेलं वाक्य असं होतं: "या चित्रात हळदणकरांनी घरातल्याच मुलीला एका ज्योतीच्या उजेडात उभं केलं आहे, उजेड जलरंगात राखून ठेवला आहे आणि चेहऱ्याइतकंच महत्त्व हाताला दिलं आहे." यात 'सुंदर' शब्द नाही. तरी वाचल्यावर चित्र डोळ्यांसमोर येतं. मी त्यावर काही खाडाखोड केली नाही.

पुढची पायरी: पुण्याची सहल

मूळ चित्र बघायला म्हैसूर लांब आहे, पण पुणे जवळ आहे. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये सुरू झालं. तिथल्यासाठी गोपाळ देऊसकरांनी बालगंधर्वांची दोन तैलचित्रं केली, एक पुरुषवेशातलं आणि एक स्त्रीभूमिकेतलं. देऊसकर १९११ चे, अहमदनगरचे, जे. जे. मध्ये शिकलेले आणि पुढे पुण्यात स्थायिक झालेले.

शैली शिकवायला यापेक्षा चांगली जोडी मिळणं कठीण. माणूस एक, रूपं दोन, हात एकाच चित्रकाराचा. मुलांना एवढंच विचारा, "वेश बदलला, मग काय नाही बदललं?" जे बदललं नाही, तिथे देऊसकर सापडतील. पौडहून, पिरंगुटहून सकाळच्या बसने जाऊन दुपारी परत येता येतं. चित्रं बघायला मिळतील का, हे आधी चौकशी करून जा म्हणजे झालं.

पालकांशी थोडं

हा पाठ लिहायला घेतला त्यामागे आणखी एक गोष्ट आहे. सातवीतल्या एका मुलीने एकदा आजीचं चित्र काढून आणलं. आजी दारात बसलेली, बाहेर पाऊस, अर्धा चेहरा उजेडात आणि अर्धा नुसता काळा. दुसरा डोळा काढलेलाच नव्हता. मी शेरा दिला, "चित्र अपूर्ण." घरीही तेच ऐकायला मिळालं, "आजीला एकच डोळा आहे का गं? फोटोसारखं काढ की." तिने दुसऱ्या दिवशी दुसरा डोळा काढून आणला. चित्र 'पूर्ण' झालं आणि आजी गेली त्यातून.

हळदणकरांचं चित्र नीट बघितल्यावर मला ते आठवलं. त्या मुलीने बघितलं होतं ते खरं होतं. अंधारातला डोळा दिसत नव्हता, म्हणून तिने काढला नाही. मी मात्र बघत नव्हते. मी तिला बोलावून सांगितलं, "तुझं पहिलं चित्र बरोबर होतं, बाईंचं चुकलं." ती हसली. म्हणाली, "ते मी खोडलं ना बाई."

म्हणून विनंती आहे. मूल चित्र घेऊन आलं की "फोटोसारखं आलंय" किंवा "फोटोसारखं नाही आलं" एवढ्यावर थांबू नका. फोटो काढायला प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. त्यापेक्षा विचारा, "तुला आधी काय दिसलं? हे का सोडलंस?" एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेची तयारी जरूर करून घ्या, प्रमाण आणि छायाप्रकाश यायलाच हवा. हळदणकर, देऊसकर हेही त्याच शिस्तीतून गेले. पण शिस्त शिकवताना मुलाचा स्वतःचा हात खोडून टाकू नका.

या आठवड्याचा गृहपाठ (मुलांना आणि पालकांनाही): घरात, शेजारी किंवा दुकानात लावलेलं एक चित्र निवडा. सहा प्रश्न विचारा. 'सुंदर', 'छान', 'जिवंत' हे शब्द न वापरता त्यावर पाच वाक्यं लिहा. खाली चित्रकाराचं नाव छापलं असेल तर ते खरं आहे का, हेही तपासा.

आणि दिवा धरलेली ती मुलगी कुठे दिसली, तर शेजारच्याला आवर्जून सांगा: ही गीता, आणि हे तिच्या वडिलांनी, हळदणकरांनी काढलंय.